बाबांना न दिसलेला रशिया

आमच्या घरी टीव्ही आला तो बाबा रशियाला जायच्या आठवड्यात, आणि आणला बाबांनीच. ते जबलपूरला रांझीच्या लष्करी फॅक्टरीत चार्जमन, म्हणजे कामगारांवर देखरेख करणारे, होते. त्यांच्या शॉपमध्ये, म्हणजे विभागात, तिकडून नवी मशिनं यायची होती. ती चालवायला शिकून यावं म्हणून काही माणसं निवडली, त्यांत बाबांचं नाव लागलं. आमच्या घरातलं कुणी तोवर नागपूर-इटारसीच्या पलीकडे गेलेलं नव्हतं. आई आनंदली की घाबरली हे मला त्या वयात कळलं नाही. तिने फक्त बाबांच्या दोन्ही स्वेटरांचे कोपर पुन्हा विणून घट्ट केले. टीव्ही खोक्यातून काढून कपाटावर ठेवला तेव्हा बाबा म्हणाले, "पत्र यायला महिना लागते. हा रोज सांगेल. मी जाऊन राहिलो तो देश तुम्हाला इथूनच दिसेल." माझा धाकटा भाऊ अभय तेव्हा पाच वर्षांचा होता. त्याने हे शब्दशः घेतलं. बाबा गेल्यावर पडद्यावर कुठेही बर्फ दिसला की तो अगदी काचेला नाक लावून उभा राहायचा आणि टोप्या घातलेल्या माणसांत बाबांना शोधायचा.

बाबा नेमके कुठे जाणार ते मात्र आम्हाला ठाऊक नव्हतं. गावाचं नाव घरी सांगायचं नाही असं त्यांना फॅक्टरीतून बजावलेलं होतं, आणि बाबा सांगितलेलं ऐकणारे होते. पत्रं मॉस्कोच्या पत्त्यावर पाठवायची, तिथून ती पुढे जायची. एवढंच त्यांच्या बोलण्यातून निसटलं की गाव मोठं आहे आणि त्याला नदी आहे. "आपल्या ग्वारीघाटावरच्या नदीपेक्षा रुंद पात्र आहे म्हणतात," ते आईला सांगत होते. आईला तेव्हा तिसरा महिना लागला होता. मी बारा वर्षांची, मला हे कुणी सांगितलं नव्हतं, पण आई सकाळी मोरीत ओकायची आणि शुक्ला चाची तिच्यासाठी कच्ची चिंच घेऊन यायची, तेवढ्यावरून मी समजले होते. शुक्ला चाची म्हणजे आमच्या शेजारच्या क्वार्टरातली. तिच्याशी आम्ही हिंदीत बोलायचो, आईशी मराठीत, आणि आपसात मी आणि अभय दोन्ही मिसळून.

तो हिवाळा मला फार सुखाचा आठवतो. जवळच्या पाटणचा मटार बाजारात आला की आई पोत्याने घ्यायची. संध्याकाळी आम्ही तिघं जमिनीवर सतरंजी टाकून शेंगा सोलत बसायचो आणि समोर टीव्ही चालू असायचा. त्यात अधूनमधून रशिया दिसायचा. बर्फावरून घसरत जाणाऱ्या मुली, उंच उड्या मारत नाचणारी माणसं, चौकातून जाणारे रणगाडे. आईला त्यातलं काही बघायचं नसे. ती मटार सोलता सोलता विचारायची, "भाजी काय खात असतील गं हे लोक?" मग घरात मटार-भाताचा वास सुटायचा, बाहेर शिफ्ट सुटल्याचा भोंगा व्हायचा आणि सायकलींच्या घंट्या क्वार्टरांच्या लाइनीतून किणकिणत जायच्या. लांबच्या रेंजवर तोफगोळ्यांची चाचणी चालायची, तिचे धमाके दिवसभर होत. खिडकीच्या काचा थरथरायच्या, भांडी हलायची, पण त्या आवाजाला आमच्याकडचं तान्हं मूलसुद्धा दचकत नसे. कोणत्या दिशेने येतो आणि का येतो हे सगळ्यांना माहीत होतं. भीती वाटते ती आवाजाची नव्हे, हे मला पुढच्या उन्हाळ्यात कळलं.

उन्हं तापायला लागली होती, कूलरमध्ये वाळ्याचं नवं खस भरून झालं होतं. एका संध्याकाळी बातम्यांत निवेदिकेने सांगितलं की रशियात एका अणुवीजकेंद्रात अपघात झाला आहे. तिचा आवाज नेहमीसारखाच होता, गव्हाच्या खरेदीची बातमी द्यावी तसा. मग एक नकाशा आला आणि त्यावर एक ठिपका. मी शाळेचा ॲटलास काढून शेजारी धरला. ठिपक्याजवळ नदी होती. बोटाने तिच्या काठाकाठाने गेलं की मोठी गावंही होती, एक नाही, पुष्कळ. आईने ॲटलास माझ्या हातातून घेतला, बराच वेळ पाहिला आणि मिटून ठेवला.

त्यानंतर रोज काहीतरी नवं कळू लागलं. तोंडाला फडकी बांधलेली माणसं एका लहान मुलीच्या केसांवरून, बुटांवरून एक यंत्र फिरवत होती. कुठल्याशा दुसऱ्याच देशातले शेतकरी कॅनच्या कॅन दूध गटारात ओतत होते. ते दूध पांढरंशुभ्र होतं, आपल्याकडे येतं तसंच. एक डॉक्टर सांगत होते की त्या केंद्रातून उडालेली किरणोत्सारी धूळ डोळ्यांना दिसत नाही, तिला वास नाही, चव नाही. ती कपड्यांवर बसते, अन्नातून पोटात जाते, आणि सगळ्यांत जास्त धोका लहान मुलांना आणि पोटातल्या बाळांना असतो. आईचा हात पोटावर गेला. मी पाहिलं हे तिने पाहिलं, आणि हात काढून घेतला. त्या दिवसापासून मला जेवण जाईना. समोर दुधाचा पेला आला की ते गटार आठवायचं. अंगणातली धूळ, रस्त्यावरची धूळ, खिडकीतून येणाऱ्या उन्हात तरंगणारी धूळ, सगळ्याची मला भीती वाटू लागली. अभय मात्र अजून काचेला नाक लावून उभा राहायचा. मी त्याला ओढून मागे आणायचे, जणू ती धूळ काचेतून बाहेर येणार होती.

आईने एक दिवस ठेवणीतली साडी नेसली आणि मला घेऊन फॅक्टरीच्या ऑफिसात गेली. आठवा महिना होता, ऊन मी म्हणत होतं, आणि गेटपासून ऑफिसपर्यंत सावलीला झाड नव्हतं. साहेब भले होते. त्यांनी खुर्ची दिली, पाणी मागवलं.

"सर, मला गावाचं नाव नका सांगू," आई हिंदीत म्हणाली. "फक्त एवढं सांगा, ते तिथून लांब आहेत ना?"

"भाभीजी, बहुत बड़ा देश है," साहेब म्हणाले. "चिंता की कोई बात नहीं।"

"पण लांब आहेत की जवळ?"

साहेबांनी पेपरवेट उचलून दुसरीकडे ठेवला. "हमको भी उतना ही मालूम है जितना टीवी में आता है।"

परत येताना आईने गेटाच्या खांबाला टेकून थोडा दम घेतला. साहेब लपवत असते तर तिला भांडता आलं असतं. त्यांनाही माहीत नव्हतं, याने ती खचली. नागपूरहून मामी सारखी बोलवत होती की बाळंतपणाला इकडे ये, पण आई जाईना. तार आली आणि आपण इथे नसलो तर, हे तिचं एकच पालुपद. तार नाही, बाबांचं पत्र आलं. त्यात लिहिलं होतं की हवा फार सुंदर आहे, रस्त्याच्या दोन्ही बाजूंची झाडं पांढऱ्या फुलांनी भरली आहेत, मे दिनाची मिरवणूक पाहिली, लहान मुलं फुगे घेऊन नाचत होती, आम्हीही नाचलो. मला वाचून एवढं हलकं वाटलं की मी अभयला उचलून गरगर फिरवलं. आईने पत्र पुन्हा पुन्हा वाचलं आणि म्हणाली, "एवढा अपघात झाला अन् त्याचा एक शब्द नाही. काहून नाही? कुणी लिहू देऊन नाही राहिलं त्यांना." ज्या पत्राने मी नाचले त्याच पत्राने तिची झोप गेली.

बाबा जूनच्या सुरुवातीला आले. दिल्लीहून तार केली होती, पण आई स्टेशनवर गेली नाही आणि आम्हालाही जाऊ दिलं नाही. भर दुपारी ऑटो लाइनीच्या तोंडाशी थांबला. बाबा उतरले, वाळलेले, गोरे झालेले, हातात जाड कोट आणि मोठी सूटकेस. अभय "बाबा!" म्हणून सुटला तर आईने त्याला दंडाला धरून मागे खेचलं. ती दारात उभी होती, एक हात चौकटीवर.

"तिथंच थांबा," ती म्हणाली.

बाबा हसले. त्यांना वाटलं, भाकरतुकडा ओवाळून टाकायचा असेल. "अगं, आधी पाणी तर दे!"

"नळावर आंघोळ करा. अंगावरचे कपडे तिथंच सोडा. बॅग घरात नका आणू."

अंगणातल्या नळाशी साबण, टॉवेल आणि त्यांचा धुतलेला लेंगा तिने सकाळपासूनच काढून ठेवला होता. दारं उघडली, सगळी लाइन पाहत होती. शुक्ला चाचीने पदर तोंडावर धरला होता. टीव्ही तिनेही पाहिला होता, ती कालच आईला म्हणाली होती, "उधर से जो आएगा, कपड़े में लेके आएगा।" बाबांचं हसू हळूहळू मावळलं. त्यांनी आईकडे, तिच्या पोटाकडे पाहिलं, मग आमच्याकडे. एवढ्या लांबून आलेला माणूस चड्डीवर नळाखाली बसला आणि शेजाऱ्यांसमोर साबण लावू लागला. त्यांची मान खाली होती. पाणी तापलेलं होतं, तरी त्यांच्या पाठीवर काटा आलेला मला दिसला. आईने चिमट्याने त्यांचे कपडे उचलले आणि मागच्या बाजूला नेऊन रॉकेल टाकून पेटवले. सूटकेस तिने कोळशाच्या खोलीत ठेवून कडी लावली. तिच्यात आमच्यासाठी चॉकलेट होतं, मधाची बाटली, दुधाच्या पावडरचे डबे. बाबांनी नावं सांगितली तेव्हा अभयने भोकाड पसरलं.

घरात आल्यावर बाबांचा राग बाहेर पडला. "मी तिथं होतो! सहा महिने! तू होतीस? मी रस्त्यांवरून चाललो, त्या लोकांत जेवलो. तिथं काही नाही झालं. दूर कुठे छोटीशी आग लागली होती, विझवली, संपलं. आम्हाला स्वतः तिथल्या साहेबांनी सांगितलं. अन् तू या डब्यात पाहून मला अस्पृश्य करून राहिली?"

आई त्यांना ताट वाढत होती. आमरस, कढी, पाटवडी, त्यांच्या आवडीचं सगळं तिने नवव्या महिन्याच्या अवघडलेल्या अंगाने सकाळपासून उभं राहून केलं होतं. ती एवढंच म्हणाली, "जेवा आधी."

जेवता जेवता बाबांचा राग निवळला. आपण सांगितलं की यांना पटेल असं त्यांना वाटलं असावं, म्हणून ते रंगात येऊन तिथलं सांगू लागले. शहर किती देखणं, किती स्वच्छ! "एवढं स्वच्छ की काय सांगू. मे महिन्यात तर रोज टँकर यायचे अन् सगळे रस्ते धुवून काढायचे. सकाळी धुवायचे, दुपारी पुन्हा. झाडांची पानंसुद्धा धुवायचे, शैलू!" मला त्यांनी आमरसाची वाटी पुढे सरकवली. मी हात लावला नाही. "आपल्या रांझीत कधी झाडू नाही लागत. अन् शिस्त अशी, की एक दिवस कँटीनच्या बाईने दूध बंद केलं, पालेभाजी बंद केली. आम्ही विचारलं तर नुसतं नाही म्हणाली. पण सगळ्यांना सारखं बंद, साहेबालाही. खिडक्या लावून घ्या म्हणाले, तर सगळ्या शहराने लावल्या. आमची दुभाषी होती ना, ओल्गाबाई, तिची तुझ्याएवढी मुलगी आहे. ती शाळा संपायच्या आधीच मुलीला मावशीकडे पोचवून आली. स्टेशनवर तर अशी गर्दी! सगळ्या आया अन् पोरं. पोरंच पोरं, डब्यांच्या खिडक्यांतून…"

इथे ते थांबले. घास हातात होता. आई पोळी घेऊन उभी होती, ती वाकली नाही. मी आईकडे पाहिलं, आईने माझ्याकडे. दूध गटारात का ओततात हे आम्हाला माहीत होतं. खिडक्या का लावतात, मुलांना आधी का हलवतात, हेही. संध्याकाळच्या बातम्यांनी आम्हाला ते सगळं समजावून सांगितलं होतं, आणि ज्यांच्या डोळ्यांसमोर ते घडलं त्यांना कुणीच काही सांगितलं नव्हतं. बाबा आमचे चेहरे वाचत होते. एकेक गोष्ट त्यांच्या मनात जागेवर बसत असताना मी पाहिली. त्यांनी घास परत ताटात ठेवला.

"अच्छा," ते म्हणाले. एवढंच.

त्यानंतर आमच्या घरातली भीती आईकडून बाबांकडे गेली, आणि त्यांच्याकडे आल्यावर ती फार मोठी झाली. आईने त्यांना पुन्हा कधी दूर केलं नाही. तेच दूर झाले. बाज अंगणात टाकली. आपलं ताट-वाटी वेगळं ठेवून स्वतः घासू लागले. अभय अंगावर चढायला आला की हात वर करून मागे सरायचे. फॅक्टरीच्या दवाखान्यात रक्त तपासलं, डॉक्टर म्हणाले सब ठीक है, पण अंगातली ती धूळ मोजायचं यंत्र सगळ्या जबलपुरात कुठे आहे हे त्यांनाही सांगता आलं नाही. बातम्यांच्या वेळी बाबा आत येत, पण बसत नसत. दाराशी उभे राहून पाहत. जिथे राहून आले ते शहर ते आमच्या खोलीत पहिल्यांदाच नीट पाहत होते. एकदा पडद्यावर कुठलीशी गल्ली दिसली तर पुटपुटले, "इथं मी रोज पाव घ्यायचो."

बाबा पुढे पुष्कळ जगले. नातवंडं पाहिली, हृदयाच्या दुखण्याने गेले, त्या दुखण्याचा त्या धुळीशी काही संबंध होता की नाही हे कुणी सांगू शकलं नाही आणि आईने विचारलंही नाही. पण तोवर त्यांना खोकला झाला, दाढ दुखली, पायाला गाठ आली, की आम्हा सगळ्यांना ती धूळ आठवायची. आता माझा मुलगा परदेशात आहे. त्याच्या शेजारच्या देशात लढाई पेटली तेव्हा मी दिवसभर टीव्हीपुढून हलत नव्हते, आणि तो फोनवर हसून म्हणायचा, "आई, मैं यहीं तो हूँ, इथं काही नाही." त्याच्यावर विश्वास ठेवू की पडद्यावर? मी दोघांवरही ठेवत नाही. मी त्याला विचारते, दुकानात आज काय मिळालं नाही? शेजारी मुलांना घेऊन कुठे गेले का? तो वैतागतो. त्याला वाटतं, म्हातारीला चौकशा करायची सवय.

आईला त्या जूनच्या अखेरीस सकाळीच कळा सुरू झाल्या. शुक्ला चाची तिच्याबरोबर आत गेली. मी आणि बाबा दवाखान्याच्या व्हरांड्यातल्या बाकावर बसलो. बाकाच्या एका टोकाला मी, दुसऱ्या टोकाला ते. त्यांनी दाढी केली नव्हती. समोरच्या भिंतीवर गुटगुटीत बाळाचं चित्र होतं, आणि ते त्याच्याकडे पाहणं टाळत होते. मला त्या वेळी काय काय दिसत होतं ते मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. टीव्हीवर एकदा एका गोठ्यातलं, जन्मतःच पाय वाकडे असलेलं वासरू दाखवलं होतं, तेवढं सांगते.

दुपारी नर्स बाहेर आली. "बधाई हो भैया, बिटिया हुई है।"

बाबा उठले. "सिस्टर, उसकी उँगलियाँ… सब ठीक हैं?"

नर्स हसली. "दस की दस हैं। और गला देखिए, सुनाई नहीं दे रहा?"

रडणं व्हरांड्यापर्यंत येत होतं. बाबा पुन्हा बाकावर बसले आणि गुडघ्यांवर कोपर टेकून तोंड ओंजळीत लपवलं. मी एकटीच आत गेले. बाळ लालबुंद होतं, कपाळावर आठ्या, आणि मुठी इतक्या घट्ट की बोटं मला मोजताच येईनात. आई म्हणाली, "बाबा कुठं आहेत?" मी दाराकडे बोट दाखवलं.

ते वॉर्डाच्या दारात येऊन उभे होते, उंबऱ्याच्या बाहेर.

"या ना," आई म्हणाली.

"नाही. मी इथूनच पाहतो."

वॉर्ड लांबच लांब होता आणि आईची खाट शेवटची. दोन्ही बाजूंच्या बायका बाबांकडे पाहू लागल्या. आईने माझ्या खांद्याचा आधार घेतला, पाय खाली सोडले, आणि चाची "अरे, लेटी रहो बहू!" म्हणत असताना बाळाला घेऊन उठली. एक हात भिंतीला, एक हातात बाळ. मध्ये दोनदा थांबली, ओठ आवळले, पुन्हा चालली. बाबा मागे सरकले तर मागे व्हरांड्याचा खांब होता.

"घ्या," ती म्हणाली.

"माझ्या हातांनी नको. तुला माहीत आहे ना."

"माहीत आहे. घ्या."

तिने बाळ त्यांच्या हातांवर ठेवलं. बाबांनी ते शरीरापासून लांब, ताठ हातांवर धरलं, श्वास रोखून, जणू श्वासातूनही काही जाईल. बाळ रडायचं थांबलं. आईने पुढे होऊन त्यांचे दोन्ही कोपर धरले आणि बाळासकट ते हात त्यांच्या छातीशी मिटवले.